बाण कुठून सुरू होतो

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बातमी जगभर गाजली. मेटलंड जोन्स हे त्यांचे नाव. सेंद्रिय रसायनशास्त्रावरील तेराशे पानांच्या एका मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकाचे ते लेखक. प्रिन्स्टनमध्ये चार दशके शिकवून झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये ते वर्षावर्षाच्या करारावर तोच विषय शिकवीत होते. वय ८४. त्या वर्षीच्या वसंत सत्रात त्यांच्या ३५० विद्यार्थ्यांपैकी ८२ जणांनी एका तक्रारअर्जावर सह्या केल्या आणि पुढचे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर विद्यापीठाने त्यांना कामावरून दूर केले.

बातमी वाचणाऱ्यांचे लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, आजच्या मुलांना कष्ट नकोत, गुण हवेत. दुसरा म्हणे, शिकवता न येणारी विद्वत्ता विद्यार्थ्यांच्या काय कामाची? आमच्या स्टाफरूममध्येही दोन दिवस हा वाद रंगला. मी त्यात पडलो नाही. माझ्या मनात वेगळाच प्रश्न घोळत होता : त्या अर्जाचा मसुदा कोणी लिहिला असेल? सह्या पुष्कळांच्या असतात, परंतु वाक्ये कोणा एकाची असतात.

हे मला ठाऊक आहे, कारण असा एक मसुदा मी लिहिलेला आहे.

मराठीच्या प्राध्यापकाचा सेंद्रिय रसायनशास्त्राशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. एम.ए. करण्यापूर्वी मी बी.एस्सी. झालो आहे. ही गोष्ट १९८७-८८ सालची, पुण्यातल्या एका महाविद्यालयातल्या एस.वाय.च्या वर्गातली. त्या वर्गाची घडण आधी सांगायला हवी. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर सेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम उंबरठ्यासारखा असतो. तो ओलांडला नाही तर डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपते, म्हणून तिथली मुले त्याला घाबरतात. आपल्याकडे तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरे. म्हणजे आमचा उंबरठा आधीच होऊन गेला होता आणि त्याला अडखळून पडलेली मुलेच बहुतांशी त्या वर्गात बसलेली होती. दोन-तीन टक्क्यांनी हुकलेली, घरी ज्यांच्याशी कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते अशी. अशा वर्गाला आणखी एका अपयशाची तयारी नसते.

आणि अशा वर्गावर सर आले. पांढरा बुशशर्ट, खिशात खडूंचे तुकडे. पांढऱ्या खडूने ते रेणू काढीत. लाल खडू फक्त बाणांसाठी राखून ठेवलेला असे.

या बाणांविषयी साहित्याच्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला. सजीवांच्या शरीरातले पदार्थ तयार व्हायला काही अद्भुत प्राणशक्ती लागते, या समजुतीला तेव्हा तडा जाऊ लागला. त्यानंतर कार्बनच्या संयुगांची संख्या अशी वाढत गेली की ती लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. विद्यार्थ्यांना या शास्त्राची जी भीती वाटते ती याच अफाटपणाची. पर्किन, कॅनिझारो, रायमर-टीमान अशा नावांच्या अभिक्रिया आम्ही रामरक्षेसारख्या म्हणत असू. कशात काय घातले की काय मिळते, एवढे पाठ. मधल्या वाटेत काय घडते, ते कोणी विचारीत नसे.

मधल्या वाटेचे शास्त्र म्हणजे हे बाण. १९२२ मध्ये केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी वक्र बाणाची खूण वापरली. इलेक्ट्रॉनांची जोडी जिथे आहे तिथून बाण निघतो आणि जिथे ती जाणार तिथे त्याचे टोक पोचते. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मँचेस्टरमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे के. व्यंकटरामन. ते १९५७ मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. सर ही परंपरा एखाद्या घराण्याची सांगावी तशी सांगत. “हा बाण एका हाताच्या अंतरावरून पुण्यात आलाय,” असे म्हणत, आणि लाल खडू उचलीत.

जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एक चूक करतो, तशी आम्हीही करीत असू. हायड्रोजनचा धनभारित कण ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, म्हणून बाण हायड्रोजनकडून ऑक्सिजनकडे काढायचा. दिसायला तसेच दिसते. परंतु त्या हायड्रोजनपाशी देण्यासारखे काहीच नसते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपाशी असतात, तेव्हा बाण तिथून निघाला पाहिजे. सर फळ्यापाशी उभे करून विचारीत, “बाण कुठून सुरू होतो? हे वाक्य आहे असं समजा. कर्ता कोण?” उत्तर येईपर्यंत ते थांबत. त्यांच्या त्या थांबण्याची वर्गाला धास्ती होती. पन्नास मिनिटांच्या तासातली पाच-पाच मिनिटे एखादा मुलगा फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभा, आणि बाहेर पावसाचा आवाज.

एका जुलैत त्यांनी वर्गात स्वतःची छत्री उघडली. कार्बनला चार हात आहेत, त्यांपैकी एक हात धरून बसलेल्याला हुसकायचे आहे. नवा येणारा समोरून येत नाही. तो नेमका पाठीमागून येतो, आणि तो जोडला जात असतानाच जुना सुटत जातो. तेव्हा उरलेल्या तीन हातांचे काय होते? सरांनी छत्रीच्या काड्यांना आतून धक्का दिला. वाऱ्यात होते तशी छत्री उलटी झाली. वाल्डेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १८९६ मध्ये हे उलटणे दिसले होते आणि त्याचा उलगडा व्हायला पुढे तीन-चार दशके लागली, असे सर म्हणाले. वर्ग हसला. छत्रीची एक काडी मोडली होती. सर ती सरळ करीत बसले आणि तास संपला. आज ३५ हून अधिक वर्षांनंतर मला त्या अभ्यासक्रमातले जे थोडके आठवते त्यात ती छत्री आहे.

तेव्हा मात्र आम्हाला हिशोब वेगळा दिसत होता. विद्यापीठाचा पेपर ठरावीक असे. ‘टिपा लिहा’, ‘पुढील अभिक्रिया पूर्ण करा’. पाठ करणाऱ्याला साठ टक्के कुठे जात नसत. सरांच्या सहामाहीच्या पेपरात मात्र पुस्तकात कुठेच नसलेला रेणू येई. अप्पा बळवंत चौकात जुने घेतलेले मॉरिसन आणि बॉइड मी पानापानाने चाळले होते, तरी तो रेणू मला कधी सापडला नाही. साहित्याच्या परीक्षेत अपठित कविता देतात तसेच हे होते. ती कविता कुठून घेतली हे शोधण्यात अर्थ नसतो, ती वाचता येते का एवढाच प्रश्न असतो. पण हे मला कळले ते पुढे मी स्वतः अपठित कविता घालू लागलो तेव्हा. त्या सहामाहीत चाळीसपैकी वीसच्या वर पाच जण गेले. मला सतरा होते.

माझ्या रूम पार्टनरला चार.

त्याच्याविषयी लिहिताना मला अजूनही अडखळायला होते. तो बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून आला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत. ती दोन वर्षे त्याने इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी पाठ करून काढली होती. रात्री दिवा मालवल्यावरही त्याचे पुटपुटणे ऐकू येई. मात्र प्रयोगशाळेत तो वेगळाच माणूस होता. रॉकेलमध्ये ठेवलेल्या सोडियमचा बारीक तुकडा टिपकागदावर टिपून नळीत टाकणे, अज्ञात पदार्थ घालून ती नळी लालबुंद तापवणे आणि पाण्यात बुडवून फोडणे, हे आम्ही जीव मुठीत धरून करीत असू. तो भाकरी उलटावी तितक्या सहजपणे ते करी. फेरस सल्फेट घालून गाळलेल्या द्रावात निळा रंग उतरला की मागे न पाहता म्हणे, “नायट्रोजन हाय बघ.” बेंझाल्डिहाइड तो वासावर ओळखी. कडू बदामासारखा वास येतो, असे पुस्तकात होते. त्याने बदाम फारसे खाल्ले नव्हते. “कण्हेरीजवळ येतो तसला” अशी त्याची स्वतःची खूण होती. नायट्रिक आम्लाने त्याची बोटे कायम पिवळी असत.

हे हातांचे ज्ञान सरांच्या लेखी पेपरात कुठेच उतरत नव्हते. आणि सर प्रात्यक्षिकाच्या आमच्या बॅचला नव्हते.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका सरांनी वर्गात वाटल्या. त्याची उत्तरपत्रिका त्यांनी हातात धरून ठेवली. एका अभिक्रियेच्या यंत्रणेऐवजी त्याने दुसऱ्याच अभिक्रियेचे पुस्तकातले पानभर वर्णन स्वल्पविरामांसकट लिहिले होते. सरांनी त्यातली दोन वाक्ये मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “याला पाठांतर म्हणतात. रसायनशास्त्र म्हणत नाहीत. पोपटालाही चार मार्क देता आले असते.” कागद बाकावर ठेवला आणि पुढचे नाव घेतले. वर्ग हसला. मीही हसलो. मी हसलो हे पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचे आहे.

तो त्यानंतर सरांच्या तासाला आला नाही. प्रात्यक्षिकाला येई. रात्रीचे पुटपुटणे थांबले. खोलीत त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

पंधरा दिवसांनी वर्गात अर्ज करायचे ठरले. पुढाकार ज्यांना साठ टक्क्यांची काळजी होती त्यांचा होता. “तुझं मराठी चांगलं आहे, तू लिही,” असे मला सांगण्यात आले. मला ते आवडले. कोणीतरी माझ्या भाषेला काम दिले होते. ‘मा. प्राचार्य यांस’ असा मायना घालून एका रात्रीत मी तो लिहिला. तीन मुद्दे होते. शिकवलेले समजत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमास धरून अध्यापन होत नाही. आणि वर्गात विद्यार्थ्यांचा वारंवार अपमान केला जातो.

तिसरे वाक्य लिहून झाल्यावर मला समाधान वाटल्याचे स्पष्ट आठवते. अर्जाला नैतिक वजन त्या वाक्याने आले होते. आज ते वाक्य मी विद्यार्थ्यांच्या निबंधात तपासावे तसे तपासतो. ‘विद्यार्थ्यांचा’ : अपमान एकाचा झाला होता. ‘वारंवार’ : एकदा झाला होता. ‘केला जातो’ : हा कर्मकर्तरी प्रयोग, यात कर्ता अदृश्य होतो. सरांचे नाव न घेता त्यांच्यावर आरोप करण्याची ती सोय होती. त्याहून मोठी सोय माझ्यासाठी होती. अपमान करणारे सर एकटे नव्हते, साठ जणांचे हसणे त्यात होते. कर्ता झाकला की हसणारेही झाकले जातात. ज्याच्या जिवावर हे वाक्य उभे होते त्याला मी विचारलेही नव्हते. बाणाचे टोक मी अचूक काढले होते. शेपूट कुठे लावायचे ते मात्र चुकवले होते.

६२ पैकी ४३ सह्या झाल्या. दिवाळीनंतर आमचा पेपर दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेला. ते सज्जन होते. नोट्स सांगत. लाल खडूची गरज उरली नाही. वार्षिक परीक्षेत वर्गाचा निकाल महाविद्यालयाच्या इतिहासात नोंदवावा इतका चांगला लागला. मला प्रथम वर्ग मिळाला, आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे माझे शिक्षण त्या नोव्हेंबरातच थांबले. टी.वाय.ला जे केले ते पाठांतर होते.

सरांकडे एफ.वाय.ची प्रात्यक्षिके आली. व्हरांड्यात समोरासमोर आलो की ते मान हलवीत. वर्षअखेरीस माझ्या प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला मात्र तेच होते. त्यांनी एक रेणू काढून दिला आणि बाण काढायला सांगितले. मी काढले. ते बराच वेळ माझी जर्नल चाळत होते. मग म्हणाले, “बरोबर आहे. अक्षर ओळखीचं वाटतं.” गुण पूर्ण दिले होते, हे पुढे कळले. त्या वेळी मला तो टोमणा वाटला होता. पूर्ण गुण देणाऱ्या माणसाचा टोमणा कसा असेल, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

म्हणून न्यूयॉर्कची बातमी मी सह्यांच्या बाजूने वाचली. त्या ८२ जणांनी जोन्सना काढा असे म्हटलेच नव्हते. परीक्षा तीनऐवजी दोनच ठेवल्याने एकदा घसरलेल्याला सावरायची संधी उरत नाही, कोविडच्या काळातही दूरस्थ तासांची सोय काढून घेतली, बोलण्यात तुच्छता असते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या खोट्या असाव्यात असे मानायला मला आधार दिसत नाही. दुसरीकडे जोन्स यांचे म्हणणे होते की गेल्या दशकभरात विद्यार्थ्यांची एकाग्रता घटत गेली आहे, ती प्रश्नच चुकीचा वाचतात आणि महामारीने तर कडेलोट केला. याच माणसाने पदरचे पाच हजारांहून अधिक डॉलर घालून आपली व्याख्याने चित्रित करून घेतली होती. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात. विद्यापीठाने मात्र दोन्हींपैकी एकीचेही उत्तर दिले नाही. अर्जातल्या प्रश्नांपेक्षा माणूस हलवणे सोपे होते. आमच्या प्राचार्यांनाही ते सोपे वाटले होते. पेपर बदलला, पण माझ्या पार्टनरला जी इंग्रजी अडत होती तिचे कोणी काही केले नाही. अर्जात तिचा उल्लेखच नव्हता, कारण ती आमची तक्रार नव्हती.

त्या आठवड्यात मी त्याला फोन केला. बी.एस्सी. अर्धवट सोडून तो गावी परतला होता. तालुक्याच्या ठिकाणी त्याचे कृषी सेवा केंद्र आहे. खते, बियाणे, कीटकनाशके. बाटलीवरच्या लेबलावरचे रासायनिक नाव वाचून कोणते औषध कशात मिसळायचे नाही, हे तो शेतकऱ्यांना समजावून सांगतो. आमचे बोलणे वर्षा-दोन वर्षांतून होते, पण हा विषय कधी निघाला नव्हता. मी अर्जाचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता.

“ते माझ्यामुळं लिहिलंतं का?” त्याने विचारले. “मी तर सही केलीच नव्हती.”

मला हे आठवत नव्हते. ४३ सह्यांत त्याची सही नाही, हे त्या रात्री मी पाहिलेच नव्हते.

“सर बोलले ते खरंच होतं ना,” तो म्हणाला. “पाठांतरच होतं ते. मला बी म्हाईत होतं. फक्त खोलीत बोलवून सांगायला पायजे होतं. खोलीत सांगितलं असतं तर मी इचारलं असतं, सर, मग कसं करू?” मग त्याने पावसाचे विचारले, माझ्या गुडघ्याचे विचारले, आणि गिऱ्हाईक आले म्हणून फोन ठेवला.

अलीकडे आम्हा शिक्षकांचेही मूल्यमापन विद्यार्थी करतात. नॅकच्या पाहणीसाठी त्या अर्जांचे गठ्ठे नीट लावून ठेवावे लागतात. पाचपैकी गुण आणि खाली ‘अन्य सूचना’साठी दोन ओळी. बहुतेक ओळी रिकाम्या असतात, किंवा ‘नोट्स द्याव्यात’ असे लिहिलेले असते. गेल्या वर्षी एका अर्जावर निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिले होते : ‘सर पेपर देताना काही मुलांचा अपमान करतात.’

नाव नव्हते. वाक्य मी दोनतीनदा वाचले. कर्ता जागेवर होता. ‘वारंवार’ नव्हते. ‘काही’ होते. माझ्या वाक्यापेक्षा हे वाक्य प्रामाणिक होते. दोन दिवस मी आठवत राहिलो : कोणाचा? कोणत्या तासाला? मी काय म्हणालो होतो? एखाद्या रसग्रहणातले गाइडमधले वाक्य मोठ्याने वाचले असेन. वर्ग हसला असेल. मला काहीही आठवले नाही. सरांनाही कदाचित आठवत नसेल, हे तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आले.

पुढच्या चाचणीचे पेपर मी वर्गात वाटले नाहीत. एकेकाला स्टाफरूमशेजारच्या खोलीत बोलावून दिले. ४८ मुले होती. तीन दुपारी लागल्या. अपठित कविता तशीच अवघड ठेवली होती, गुणही जितके पडले तितकेच दिले. पुष्कळ जण कागद घेऊन ‘थँक यू सर’ म्हणून निघून गेले. सात-आठ जण थांबले आणि त्यांनी विचारले, मग कसे करू. त्यांतल्या एका मुलीचे अक्षर गोल होते. मी तिला काही विचारले नाही. कवितेची पहिली ओळ पुढे ठेवली आणि म्हणालो, “यात बोलतंय कोण, ते आधी शोधू.”